दाजींची कोब्रा आणि एमएच-१० ची पाटी

परवा रात्री साडेअकराला दाजींचा व्हॉट्सॲपला फोटो आला. निळी गाडी, वरून दोन पांढरे पट्टे, छत नाहीच, दार एवढंसं की पाय टाकूनच आत जावं, आणि सायलेन्सरचे पाइप मागून न काढता बाजूनं काढलेले. खाली एकच ओळ, "पाव्हणं, पोरगं म्हणतंय अठरा लाखात बसतीय, आणूया का?" पोरगं म्हणजे माझा भाचा, तो इंग्लंडात लीड्सला असतो. आणि मला विचारायचं कारण म्हणजे मी तरुणपणी काही वर्षं मुंबईत मस्जिद बंदरला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काढली, त्यामुळं आता सांगलीत येऊन इतकी वर्षं झाली तरी घरात कुणालाही परदेशातून काही आणायचं म्हटलं की, मग ते मशीन असू दे नाहीतर मिक्सर, फोन मलाच.

दाजींना मी फोनवर पाऊण तास समजावलं, दुसऱ्या दिवशी विट्याला जाऊन परत समजावलं, आणि तेवढ्यात कळलं की त्यांच्या ओळखीच्या अजून दोघातिघांच्या डोक्यात हेच खूळ आहे. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

आधी ही गाडी काय आहे ते. फोटोतली गाडी दिसते एसी कोब्रासारखी. खरी कोब्रा १९६२ ची. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात थेम्स डिटनला एसी नावाची जुनी कंपनी होती, तिची एस नावाची हलकी, देखणी दोन सीटर गाडी होती, पण इंजिन बेताचं. अमेरिकेत टेक्सासचा कॅरोल शेल्बी नावाचा रेसर होता, त्यानं त्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन बसवलं आणि रेसिंगमध्ये भल्याभल्यांना पाणी पाजलं. हा शेल्बी रेसर व्हायच्या आधी पोल्ट्री करायचा, पहिल्या बॅचला पैसे झाले, दुसऱ्या बॅचला रोग आला आणि बुडाला. विट्याकडच्या माणसाला एवढं सांगितलं की तो लगेच आपला वाटायला लागतो, दाजींनी तर "कुठला रोग?" असं पण विचारलं.

तर खऱ्या कोब्रा साधारण हजारभरच बनल्या, १९६७ च्या आसपास काम थांबलं. गाड्या कमी आणि हौशी लोक लाखो, त्यामुळं भाव कुठच्या कुठं गेले. शेल्बीची अगदी पहिली कोब्रा २०१६ मध्ये अमेरिकेत लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर गेली. रुपये नाही, डॉलर. मग ज्यांना ती गाडी पाहिजे पण तेवढा पैसा नाही त्यांच्यासाठी लोकांनी तशीच दिसणारी गाडी बनवायला सुरुवात केली, तिला म्हणतात रेप्लिका. कोब्राच्या रेप्लिका खऱ्या कोब्रापेक्षा कितीतरी पटीनं जास्त आहेत, त्यामुळं कुठंही निळी-पांढरी कोब्रा दिसली की ती रेप्लिकाच समजायची, खरी आहे हे सिद्ध करायचं काम विकणाऱ्याचं.

दाजींच्या घरात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, धंदा, त्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. दागिना पिवळा दिसतो एवढ्यावरनं तुम्ही भाव करता का? नाही, टंच काढता, सोनं किती शुद्ध ते बघता. रेप्लिकाचं पण तसंच. एक असते लायसन घेऊन कारखान्यात बनवलेली, म्हणजे मूळ डिझाइनवाल्याशी रीतसर करार करून. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला सुपरफॉर्मन्स नावानं अशा गाड्या बनतात, त्या चांगल्या टंचाच्या धरा. दुसरी असते किट. कंपनी चासी, फायबरची बॉडी आणि नटबोल्ट पेट्यांत भरून पाठवते आणि माणूस घरच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार बसून जोडतो. अमेरिकेतली फॅक्टरी फाइव्ह ही १९९५ पासून अशी किट विकते, इंग्लंडमध्ये तर अशा छोट्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. यात टंच जोडणाऱ्याच्या हातावर असतो, एखादा निवृत्त इंजिनिअर सोन्यासारखी जोडतो आणि एखाद्याचं वायरिंग बघितलं तर गणपतीच्या मांडवातलं बरं वाटतं.

तिसरी असते एक ग्रॅमवाली, म्हणजे आत भलतीच गाडी आणि वरनं सोंग. पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या बऱ्याच रेप्लिका फोक्सवॅगन बीटलच्या तळावर फायबरची बॉडी ठेवून केलेल्या असतात. तसं बघितलं तर त्यात पण अर्थ आहे, कारण मूळ पोर्शेचा जन्मच बीटलच्या घराण्यात झालेला. पण पाँटिॲक फिएरो किंवा टोयोटा एमआर-२ घेऊन तिच्यावर फेरारीचं कातडं चढवतात ना, ते मला तरी कधी पटलं नाही. आणि त्यावर घोड्याचं चिन्ह लावलं तर तो नुसता शौक राहत नाही, ट्रेडमार्कचा भंग होतो. ब्राझीलमध्ये इताजाई गावात २०१९ ला बाप-लेक मिळून खोट्या फेरारी आणि लॅम्बोर्गिनी बनवत होते, पोलिसांनी वर्कशॉपच बंद केलं. आपल्याकडं पण कस्टमला २००७ च्या नियमांखाली असा बनावट ब्रँडचा माल अडवता येतो.

हे झालं टंचाचं. आता वयाचं, आणि सगळी मेख इथंच आहे.

दाजी म्हणाले, "गाडी १९६५ ची हाय, जुन्या गाड्यांना सूट असती की." मी म्हटलं दाजी, तुम्ही बैलगाडा शर्यतीला जाता, आदत, म्हणजे दुधाच्या दातांच्या, गटात बैल सोडताना काय बघतात? शिंगं रंगवलीत का, झूल कुठली, हे बघतात का? तोंड उघडून दात बघतात. पक्के दात आले असतील तर तो दुसा, कितीही लहान दिसू दे. आणि रेप्लिकाचं उलटं आहे, ती म्हातारी दिसते पण दात दुधाचे. १९६५ ची दिसणारी गाडी जर १९९७ ला इंग्लंडमध्ये कुणी गॅरेजात जोडली असेल तर ती १९९७ ची गाडी. डिझाइनचं साल आणि गाडीचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणारे जाहिरातीत मुद्दाम मोठ्या अक्षरात "१९६५ कोब्रा" लिहितात आणि रेप्लिका हा शब्द खाली बारीक अक्षरात टाकतात.

मग प्रश्न येतो की गाडीचे दात कुठं बघायचे. चासी नंबर आणि तिकडचं रजिस्ट्रेशन, दुसरं काही नाही. आणि गंमत म्हणजे देशोदेशी दात मोजायची पद्धत वेगळी.

इंग्लंडमध्ये घरी जोडलेल्या गाडीला रस्त्यावर यायच्या आधी तपासणी पास व्हावी लागते. १९९८ पासून एसव्हीए नावाची होती, २००९ पासून त्या जागी आयव्हीए आली, ती जास्त कडक. त्यात एखादा कोपरा टोकदार राहिला, आरसा चुकीच्या जागी बसला तरी नापास. त्याच्या आधीच्या काळातल्या गाड्या असल्या तपासणीशिवायच रस्त्यावर आल्या, म्हणून तिकडचे जाणकार पहिलं विचारतात की गाडी एसव्हीएच्या आधीची की नंतरची. तपासणी झाली की नंबर मिळतो. सगळे पार्ट नवे असतील तर नवा नंबर, एकाच जुन्या गाडीतून ठरावीक भाग घेतले असतील तर त्या वयाशी जुळणारा नंबर, आणि पाच ठिकाणचे पार्ट गोळा करून केली असेल, वयच सांगता येत नसेल तर तिला क्यू अक्षरानं सुरू होणारी पाटी देतात. क्यू म्हणजे सरकारनंच लिहून दिलं की बाबांनो हिचं साल आम्हाला माहीत नाही. भाच्यानं दुसऱ्या दिवशी पाटीचा फोटो पाठवला. क्यू.

अमेरिकेत अजून वेगळी तऱ्हा. तिकडं प्रत्येक राज्याचा कारभार वेगळा. बीटलच्या तळावर बांधलेली स्पीडस्टर बऱ्याचदा कागदावर "१९६७ फोक्सवॅगन" म्हणूनच चालते, कारण तळावरचा नंबर बीटलचा आहे आणि टायटल, म्हणजे मालकीचा कागद, त्या नंबरचं आहे. बॉडी १९९० च्या दशकातली, इंजिन अजून कुठलं, पण कागद १९६७ चा. तिकडच्या माणसाला त्याचा फायदा होतो. आपल्याकडं तोच कागद घेऊन आलं की फास बसतो, कसा ते पुढं सांगतो.

आता आपल्याकडचं गेट. यूट्यूबवर पंचवीस वर्षांचा नियम ऐकून लोक मला फोन करतात. तो नियम अमेरिकेचा आहे भावांनो, २५ वर्षांवरची गाडी तिकडं न्यायला सोपी पडते. कॅनडात १५ वर्षं आहे. भारताचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, आपल्याकडं जवळजवळ उलटं आहे. परदेशातली वापरलेली गाडी बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजव्या बाजूला पाहिजे, स्पीडोमीटर किलोमीटरचा पाहिजे, हेडलाइटचा झोत डावीकडनं चालणाऱ्या ट्रॅफिकला जुळणारा पाहिजे, आणि उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. शिवाय पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून चाचणी. म्हणजे आपला दरवाजा कोवळ्या गाड्यांसाठी थोडा किलकिला आहे.

दुसरा दरवाजा आहे तो एकदम म्हाताऱ्यांसाठी. आधी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच ती सवलत होती, २०२५ च्या सुरुवातीला डीजीएफटीनं, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयानं, ती बदलून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना केली, आणि हे पन्नास दरवर्षी पुढं सरकत राहतं. ही बातमी आली तेव्हापासनंच ही सगळी खुळं सुरू झालीत. बातमी खरी आहे. पण ती व्हिंटेज गाड्यांसाठी आहे, आणि व्हिंटेज कशाला म्हणायचं हे मोटर वाहन नियमांत २०२१ ला लिहून ठेवलंय. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, आणि चासी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार न केलेली.

आता ती १९६७ ची फोक्सवॅगन आठवा. वय भरलं, कागद आहे, पण बॉडी मूळची आहे का? नाही. झाली बाद. आणि दाजींची क्यू पाटीवाली? तिचं तर वयच सिद्ध होत नाही, झालंच तर तिशीच्या आत. तीन वर्षांच्या वर आणि पन्नासच्या खाली, म्हणजे ना आदतमध्ये ना म्हाताऱ्यांच्यात, तिला शर्यतीत गटच नाही. जुनी रेप्लिका आणायचा विषय खरं म्हणजे इथंच संपतो, पुढचं सगळं दाजींच्या "पण समजा" साठी.

पण समजा, दाजी म्हणाले, दोन वर्षांपूर्वी बनलेली नवी रेप्लिका घेतली, उजव्या स्टिअरिंगची, तर? तर तीन वर्षांची अट सुटली. पण ती चाचणीत कशी पास होणार? जुन्या धाटणीचं कार्बोरेटरचं व्ही-८, आणि आपल्याकडं एप्रिल २०२० पासून बीएस-६. धूर मोजायचं यंत्र लावायच्या आधीच इंजिनिअर हसेल. आणि ती आधुनिक इंजिनाची असली तरी पैशाचा हिशोब बघा, तो मी दाजींना वहीवर मांडून दाखवला.

गाडी अठरा लाखाची, जहाजभाडं आणि विमा मिळून समजा दोन लाख, झाले वीस. कस्टम याच वीसवर मोजतं, नुसत्या गाडीच्या किमतीवर नाही. वापरलेल्या गाडीवर मूळ ड्युटी १२५ टक्के होती आणि त्या ड्युटीवर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण १३७.५. २०२५ च्या बजेटमध्ये पेपरात आलं की ड्युटी १२५ वरून ७० वर आणली, दाजींनी ते कात्रण पण ठेवलंय. पण त्याच बजेटमध्ये ६७.५ टक्क्यांचा कृषी सेस बसवला. सत्तर अधिक साडेसदुसष्ट किती? साडेएकशे... हां, १३७.५ च. पैसाभर कमी नाही. वीसचे साडेसत्तावीस ड्युटी, बेरीज साडेसत्तेचाळीस, आणि या साडेसत्तेचाळीसवर मोठ्या इंजिनाच्या गाडीला आयजीएसटी ४० टक्के, म्हणजे अजून १९ लाख. साडेसहासष्ट लाख. त्यात रोड टॅक्स नाही, चाचणी नाही, एजंट नाही, मुंबईहून विट्यापर्यंतचा ट्रेलर नाही. दाजी वहीकडं बघत बसले, मग म्हणाले, "मंजी टॅक्समधी अजून दोन-अडीच गाड्या आल्या की लका."

आणि वीस हा आकडा पण कस्टम डोळे झाकून मान्य करत नाही. वापरलेल्या गाडीची किंमत काढताना ते नवी असतानाची कंपनीची किंमत धरतात आणि वयाप्रमाणं घट देतात, पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच, म्हणजे तीन वर्षांची गाडी असली तरी घट ३८ टक्केच. मारुतीसारख्या कंपनीची छापील किंमत असते, पण कुणाच्या गॅरेजात जोडलेल्या कोब्राची छापील किंमत कुठून आणणार? मग किटचं बिल, इंजिनाचं बिल, जोडणाऱ्याची मजुरी, सगळ्यावर वाद. आणि वाद चालू असताना गाडी बंदरात उभी असते, जागेचं भाडं मीटरसारखं पडत राहतं. आमच्या ऑफिसच्या दिवसांत एकाची गाडी कागदांच्या घोळात शेडमध्ये अडकलेली मी बघितलीय, नाव सांगत नाही. दर आठवड्याला तो माणूस यायचा, ताडपत्री वर करून गाडीवर हात फिरवायचा आणि जायचा. पावसाळ्यात तर बघवत नव्हतं.

"मग तुकडे करून आणू, इंजिन वेगळं, बॉडी वेगळी, स्पेअर पार्ट म्हणून." हे मला आतापर्यंत किमान दहा जणांनी सांगितलंय आणि प्रत्येकाला वाटतं की ही आयडिया जगात पहिल्यांदा त्यालाच सुचली. कस्टम टॅरिफच्या पहिल्या पानावरच्या नियमात आहे की सुटी करून आणलेली वस्तू ही पूर्ण वस्तूच धरायची. आणि चुकीचं लिहून आणली तर कस्टम कायद्याच्या कलम १११ खाली माल जप्त, ११२ खाली दंड. बरं, समजा सगळे तुकडे विट्यात पोचले आणि जोडून उभी पण केली, तिला नंबर कोण देणार? गाडीचं डिझाइन एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजूर असल्याशिवाय आरटीओ रजिस्टर करत नाही. मग काही हुशार लोक जुन्या भंगार गाडीचं आरसी वापरायचं म्हणतात, चासी नंबर कापून इकडं वेल्डिंग. ते सरळ फौजदारी प्रकरण आहे, त्याच्याबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही. जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण स्पष्ट केलंय की कंपनीनं दिलेल्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाऊन गाडीचं रूप बदलता येणार नाही.

कायम परत यायचं असेल त्यांच्यासाठी एक वेगळी वाट आहे. परदेशात सलग दोन वर्षं राहून इकडं स्थायिक व्हायला येणारा माणूस स्वतःची एक गाडी आणू शकतो, ती तिकडं किमान वर्षभर त्याच्याकडं असावी लागते. पण ड्युटी सुटत नाही आणि रस्त्यावर आणायचे नियम पण सुटत नाहीत. भाचा परत येणार का, हा विषय घरात काढायचा नाही असं ताईनं डोळ्यानंच सांगितलं, म्हणून मी पुढं गेलो.

एकच रस्ता आहे ज्यानं अशी गाडी भारताच्या डांबरावर कायदेशीर धावू शकते, तो म्हणजे कार्नेट. हा गाडीचा पासपोर्टच समजा, तिकडचा ऑटोमोबाइल क्लब हमी देतो की गाडी ठरलेल्या मुदतीत परत जाईल, नाही गेली तर ड्युटी आम्ही भरू. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन इकडच्या बाजूनं हे काम बघते. परदेशी लोक जुन्या गाड्या घेऊन रॅलीला येतात ते असंच. नंबर तिकडचाच राहतो, ड्युटी लागत नाही, विकता येत नाही, आणि चालवत आणणारा तिकडं राहणारा माणूस पाहिजे. जहाजभाडं दोन्ही बाजूचं. कास पठारापर्यंत यवतेश्वर घाट एकदा चढवायला एवढा खर्च करणारे असतात, पण ते विट्यात नसतात.

आणि हौस रेप्लिकाचीच असेल तर इंग्लंडकडं कशाला बघायचं? आपल्या अलिबागजवळ चिंकारा मोटर्स नावाच्या छोट्या कारखान्यानं रोडस्टर नावाची गाडी बनवली. कॉलिन चॅपमननं १९५७ ला आणलेली लोटस सेव्हन, तिच्याच वळणाची, आत इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. अशी एखादी भारतातच रजिस्टर असलेली मिळाली तर वरचं सगळं पुराण बंद करायचं. फक्त आरसी हातात घेऊन बनवणाऱ्याचं नाव, साल, चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवायचे, तेही दिवसाउजेडी, बॅटरीच्या प्रकाशात नाही.

तिसऱ्या दिवशी दाजींचा सूर बदलला. "इकडं नको, पण पोरगं तिकडं वापरंल की, त्याला घिऊ दे." आता याला मी कसा नाही म्हणणार, तो कमावता आहे. मग व्हिडिओ कॉलवर भाचा गाडीपाशी, आणि आम्ही दोघं विट्यात खाटेवर, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून, असा दीड तास गाडी बघायचा कार्यक्रम झाला. त्यातनं जे कामाचं निघालं ते सांगतो, परदेशात राहणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल.

फायबरची बॉडी गंजत नाही म्हणून लोक खूष असतात. पण गंज वर नाही, खाली असतो. चासी लोखंडी पाइपची, आणि चौकोनी पाइप आतून गंजतो, बाहेरनं रंग झकास. भाच्याला म्हटलं गाडीखाली शिर आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पाइपवर टकटक कर, चांगल्या पाइपचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा मडक्यासारखा बद्द येतो. फायबरवर आडव्या उजेडात बघायचं, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर तिथं कधीतरी मार बसलाय किंवा बॉडी चासीवर नीट टेकलेली नाही, ओढ बसतेय. नुसता रंग मारून त्या झाकतात, वर्षात परत वर येतात. दार आणि बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का तेही बघायचं, बोट घालून.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठला पार्ट कुठल्या गाडीचा त्याची यादी. कोब्राचं ब्रेक पॅड म्हणून दुकानात काही मिळत नाही. इंग्लंडमधल्या कितीतरी कोब्रा रेप्लिकांना मागचा अॅक्सल आणि सस्पेंशन जग्वार एक्सजे-६ चं असतं आणि इंजिन रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८, जे मुळात अमेरिकेतल्या ब्यूककडून रोव्हरनं घेतलेलं. हे माहीत असेल तर पार्ट सहज मिळतो, माहीत नसेल तर प्रत्येक वॉशरसाठी गाडी उचलून मोजायला लागतं. बांधणाऱ्यानं वही ठेवलेली असेल, बिलं चिकटवलेली, फोटो लावलेले, तर ती वही गाडीइतकीच मोलाची. या गाडीची वही होती. ती बांधणाऱ्या म्हाताऱ्यानं पेन्सिलीनं तारखेसकट लिहिलेलं, कुठल्या दिवशी पाऊस होता म्हणून काम झालं नाही ते पण. दाजी इंग्रजी वाचत नाहीत, पण त्यांनी भाच्याला प्रत्येक पान उलटायला लावलं आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "टंच चांगला हाय."

विम्याचं तेवढं आधी विचारून घे म्हटलं, क्यू पाटीच्या गाडीला सगळे विमावाले उभं करत नाहीत. आणि पैसे देताना रजिस्ट्रेशनच्या कागदावर गाडीचा मेक म्हणून जे लिहिलंय तेच बिलावर पण लिहून घे, नुसतं "कोब्रा" नको, उद्या विकताना तूच अडकशील.

भाच्यानं गाडी घेतली. नंबर क्यूचा, गाडी तिकडंच राहणार. काल दाजींचा परत फोन, आता प्रश्न वेगळा. "पाव्हणं, मे महिन्यात तिकडं जायचं ठरतंय. आपलं लायसन चालतं का तिथं?" म्हटलं चालतं, पाहुणा म्हणून गेल्यावर बारा महिन्यांपर्यंत चालतं, फक्त मुदत संपलेली नको. मग पलीकडं पाकीट शोधल्याचा आवाज, कपाटाचं दार, ताईचा ओरडा, आणि बऱ्याच वेळानं दाजी म्हणाले, "एमएच-१० च दिसतंय. खालची तारीख वाचायला चष्मा कुठं हाय बघतो, थांबा." तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली. सोमवारी सांगली आरटीओला जायचंय, डॉक्टरचा फॉर्म १-अ भरून.